पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक चढउतार: नोंद कशी घ्यायची, वाचायची कशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या मागच्या पडवीत एक काचेची बरणी आहे. बरणीत टांगलेलं छोटं चुंबक, त्याला चिकटवलेला आरशाचा तुकडा, आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर लेसरचा लाल ठिपका. हा ठिपका दिवसभरात जेमतेम नखाएवढा सरकतो आणि मी ते वहीत मांडून ठेवते. घरी येणारे विचारतात, शाळेतली जुनी मुलं फोन करून विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून काढली.

पृथ्वीचं चुंबकत्व कायमचं असतं ना? मग बदलतं काय?

होकायंत्राची सुई रोज उत्तर दाखवते म्हणून तसं वाटतं. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात या क्षेत्राची एकूण तीव्रता जवळपास ४३ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक एकक) आहे. जगभर पाहिलं तर ती साधारण २५ हजार ते ६५ हजारांच्या दरम्यान असते. तिचा बहुतेक भाग येतो सुमारे २,९०० किलोमीटर खालच्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून, आणि तो वर्षाला काही दहा नॅनोटेस्लांनी बदलतो. त्या संथ पाण्यावर वरून तरंग उठतात. आपल्याकडे रोजचा तरंग तीस ते पन्नास नॅनोटेस्लांचा, चुंबकीय वादळ (सूर्याकडून आलेल्या लोंढ्याने होणारी उलथापालथ) आलं तर शेकड्यांचा, आणि काही सेकंदांत येऊन जाणारी थरथर तर एखाद्या नॅनोटेस्लाचीही नसते. त्रेचाळीस हजारांच्या बिलात चाळीस रुपये कुठे वाढले ते शोधायचं, असा हा उद्योग आहे.

रोज तोच बदल का दिसतो?

सूर्यामुळे. दिवसा साधारण ११० किलोमीटर उंचीवर आयनांबरात विद्युतभारित हवा असते. उन्हाने तापून ती वाहते, पृथ्वीच्या क्षेत्रातून वाहताना तिच्यात प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचं चुंबकत्व खाली जमिनीवर पोचतं. वरची हवा डायनामोसारखं, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रासारखं, काम करते हा तर्क भौतिकशास्त्रज्ञ बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ साली मांडला, तेव्हा आयनांबर आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं! सुई दिवसभरात थोडी डोलते हे मात्र लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीने १७२२ मध्येच पाहिलं होतं.

अलिबागच्या वेधशाळेतल्या आलेखात क्षैतिज घटक, म्हणजे क्षेत्राचा जमिनीला समांतर असलेला भाग, सकाळपासून चढतो, दुपारच्या जरा आधी माथा गाठतो आणि संध्याकाळपर्यंत उतरून रात्रभर सपाट राहतो. दक्षिणेकडे गेलात की हा डोंगर उंच होत जातो. तिरुनेलवेलीला तो अलिबागच्या दुप्पट-तिप्पटही होतो, कारण तिथून चुंबकीय विषुववृत्त जातं आणि त्याच्या माथ्यावर दिवसा एक अरुंद, जोरदार प्रवाह वाहतो. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. भारतातून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून सुटलं ते याच पट्ट्याच्या अभ्यासासाठी. रॉकेट केंद्राला जागा देणाऱ्या तिथल्या चर्चची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, जागा तीच का निवडली हे विचारलं की वर्ग गप्प.

चंद्राचाही वाटा असतो, पण एक-दोन नॅनोटेस्लांचा. तो पाहायचा तर महिनोन्महिन्यांच्या नोंदी चांद्रदिवसाप्रमाणे लावून सरासरी काढावी लागते. घरच्या बरणीचं ते काम नव्हे.

वेधशाळा अलिबागलाच का?

«अलिबागवरून आलाय का» असं हिणवणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. या विषयात अलिबागवरून येणं ही मिरवायची गोष्ट आहे.

सुरुवात कुलाब्याला झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा काढली ती खगोल आणि जहाजांच्या घड्याळांसाठी. चुंबकीय नोंदी सुरू झाल्या १८४१ पासून. पुढे वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांच्या काळात कागदावर प्रकाशरेषेने आपोआप आलेख उमटवणारी यंत्रं आली, आणि १८९६ मध्ये नानाभाई फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

मग मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्राम एकदिश प्रवाहावर धावते. प्रवाह वरच्या तारेतून येतो, रुळांतून परत जातो, पण सगळा रुळांतूनच जात नाही. बराचसा जमिनीत झिरपतो आणि वाट मिळेल तसा पसरतो. माणसांना त्याने काही होत नाही, वेधशाळेतल्या सुईला मात्र दर ट्रामगणिक धक्का. मूस यांनी जागा शोधली ती समुद्रापलीकडे, कुलाब्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबागला. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागच्या नोंदी त्याआधी, १९०४ मध्येच सुरू झाल्या होत्या, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या.

ही दोन वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. जागा बदलली की आकडा बदलतो, कारण खालचा दगड वेगळा. दोन्हीकडे एकाच क्षणी किती फरक असतो हे मोजून ठेवलं, म्हणून कुलाब्याची साठ वर्षं आणि अलिबागची शंभरावर वर्षं आज एका माळेत ओवता येतात. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या सगळ्या नोंदी चर्चेसह छापून काढल्या. १९७१ पासून हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे.

१८५९ च्या मोठ्या चुंबकीय वादळाची नोंद मुंबईत आहे हे खरं का?

खरं आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग चितारत असताना त्यांना डागांच्या गर्दीत पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांच्या आसपास उलटल्यावर पृथ्वीवर वादळ येऊन थडकलं. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, ध्रुवीय प्रकाश पार खालच्या अक्षांशांपर्यंत दिसला.

युरोपातल्या काही वेधशाळांत प्रकाशरेषा कागदाबाहेरच गेली, म्हणजे वादळ किती मोठं होतं ते कळायला मार्ग नाही. कुलाब्याला तेव्हा स्वयंचलित यंत्र नव्हतं. माणूस दुर्बिणीला डोळा लावून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा, एरवी तासातासाला, गडबड दिसली की पाच-पंधरा मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी तो वाचत राहिला म्हणून आज आपल्याकडे आकडा आहे: क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण. जुन्या वह्यांतल्या या रकान्यांवरून २००३ मध्ये शोधनिबंध निघाला आणि जगभरचे लोक कुलाब्याचं नाव घेऊ लागले. यंत्र नव्हतं हेच आपल्या पथ्यावर पडलं.

वादळ आलेखात ओळखायचं कसं?

आपल्या अक्षांशावर वादळाला ठरलेला चेहरा असतो. आधी क्षैतिज घटकात एकदम उडी दिसते, काही मिनिटांत दहा-वीस ते पन्नास-साठ नॅनोटेस्ला वर. सौर वाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांचा, लोंढा येऊन आदळला, पृथ्वीचं चुंबकीय कवच आत दाबलं गेलं, त्याची ही खूण. मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने ही उडी साऱ्या जगात दिसते. मग काही वेळ वरच, आणि त्यानंतर घसरण. कित्येक तास तो खाली खाली जातो, कारण पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरवर पश्चिमेकडे वाहणारं प्रवाहाचं कडं तयार होतं आणि त्याचं क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या उलट पडतं. शेवटी भरपाई होते. ती सावकाश असते, दोन-चार दिवस घेते.

आदळणाऱ्या लोंढ्यातलं चुंबकत्व उत्तरेकडे तोंड करून असेल तर पहिली उडी होते आणि पुढे फारसं काही घडत नाही. दक्षिणेकडे असेल तरच खरं वादळ. म्हणून बातम्यांतल्या «आज सौर वादळ धडकणार» या मथळ्यांवर मी लगेच विश्वास ठेवत नाही.

१० मे २०२४ चं वादळ मोठं होतं. आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास उडी आली, पुढे डीएसटी हा जागतिक निर्देशांक (त्याबद्दल खाली) उणे चारशेच्याही खाली गेला, लडाखमध्ये हानलेहून आकाशात लाली दिसली. आणि मी? मी झोपले होते. सकाळी पाहिलं तर ठिपका नेहमीच्या पट्टीवरून निघून दाराच्या चौकटीवर बसलेला. त्या दिवसापासून एक जुना मोबाईल भिंतीसमोर लावून ठेवला आहे, तो दर मिनिटाला फोटो काढतो.

वेधशाळेत कोणती यंत्रं असतात?

तीन कामं, तीन यंत्रं.

सतत बदल टिपायला फ्लक्सगेट असतं. ते तिन्ही दिशांतले घटक सेकंदासेकंदाला देतं, पण तापमानाने आणि वयाने त्याचं शून्य सरकत राहतं. एकूण तीव्रता मोजायला प्रोटॉन मॅग्नेटोमीटर. याचं तत्त्व फार देखणं आहे. बाटलीत पाणी किंवा रॉकेलसारखा हायड्रोजनयुक्त द्रव, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून जोरदार प्रवाह सोडून प्रोटॉन एका दिशेला वळवायचे आणि प्रवाह तोडायचा. मग ते भोवऱ्यासारखे डुलत पृथ्वीच्या क्षेत्राभोवती फिरतात आणि त्यांच्या फिरण्याची वारंवारता थेट क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरते. अलिबागच्या ४३ हजारांना ती सेकंदाला सुमारे १,८३० येते. म्हणजे वर्धक जोडला तर पृथ्वीचं चुंबकत्व शिट्टीसारखं ऐकू येतं.

तिसरं यंत्र म्हणजे पोलादाचा कणही नसलेला थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण), दुर्बिणीवर फ्लक्सगेट बसवलेला. त्याने माणूस स्वतः जाऊन सुईची दिशा आणि तिचा खाली झुकण्याचा कोन मोजतो, साधारण आठवड्यातून एक-दोनदा. या मोजणीवरून पहिल्या यंत्राचं सरकलेलं शून्य दुरुस्त करतात, त्याला बेसलाइन म्हणतात. मोजायला जाताना पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, मोबाईल, चष्म्याची पोलादी काडी, सगळं बाहेर ठेवून जायचं.

घरी करता येईल का? खर्च किती?

बरणीवालं यंत्र घरात पडलेल्या वस्तूंत होतं, फक्त लेसर विकत आणावा लागला. गणित असं: आपल्याकडे क्षैतिज घटक साडेअडतीस हजारांच्या आसपास. त्याला काटकोनात, पूर्व-पश्चिम दिशेने, एक नॅनोटेस्ला बदल झाला तर सुई सुमारे साडेपाच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) वळते. आरशामुळे किरण दुप्पट वळतो, आणि पाच मीटरवर ठिपका पाव मिलिमीटर सरकतो. म्हणजे रोजचा डोल पाच ते दहा मिलिमीटरचा. डोळ्याला दिसतो.

इथे एक खोच आहे, परदेशी सूचना वाचून करणारे तिथेच फसतात. मोकळं टांगलेलं चुंबक उत्तर-दक्षिण उभं राहतं आणि दिशेतला बदल तेवढा दाखवतं. ध्रुवाजवळच्या देशांत वादळात दिशा जोरात बदलते, त्यांचं काम भागतं. आपल्याकडे वादळ मुख्यतः क्षैतिज घटकाचं बळ कमी करतं. बळ कमी झालं तरी सुई उत्तरेकडेच पाहणार, ठिपका जवळपास जागचा हलणार नाही! उपाय जुन्याच वेधशाळांचा: दोऱ्याऐवजी तार घ्यायची आणि तिला पीळ देऊन चुंबक जबरदस्तीने पूर्व-पश्चिम उभं करायचं. आता एकीकडे तारेचा पीळ, दुसरीकडे पृथ्वीची ओढ. ओढ कमी झाली की पीळ जिंकतो आणि ठिपका सरकतो. विजेच्या वायरीतल्या केसासारख्या तांब्याच्या तारांपैकी एक पुरते. किती सरकलं म्हणजे किती नॅनोटेस्ला, ते ओळखीचं छोटं चुंबक ठरावीक अंतरावर धरून आधी ठरवून घ्यावं लागतं.

सुती दोरा वापरू नका. कोकणात जूनमध्ये तो हवेतलं पाणी पितो आणि आपोआप उलगडतो. माझा पहिला पावसाळा हा «वादळ» मोजण्यात गेला.

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर आरएम ३१०० ही चुंबकत्व मोजणारी चिप आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या. एका वाचनात दहा-पंधरा नॅनोटेस्लांपर्यंतच समजतं, पण मिनिटभराची सरासरी घेतली की काही नॅनोटेस्लांपर्यंत पोचता येतं. ती पीव्हीसी पाइपात घालून जमिनीत दोन-तीन फूट पुरा, म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानाचा खेळ कमी होतो. काळ्या कातळाला चिकटवू नका. सह्याद्रीचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे, शिवाय उन्हात तापतो.

मोबाईलमध्येही होकायंत्र असतं, त्याने नाही चालणार?

नाही. शेकडो नॅनोटेस्लांच्या खालचं त्याला धड दिसत नाही, आणि स्पीकरचं चुंबक शेजारीच असतं. भिंतीतली लोखंडी सळी शोधायला उत्तम.

दिसलेला बदल आकाशातला की अंगणातला, कसं कळतं?

हाच खरा प्रश्न, आणि तो फार कमी लोक विचारतात.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आलेखात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास पायरी पडू लागली. सरळ काटकोनात खाली, रात्रभर तिथेच, सकाळी साडेआठला पुन्हा वर. आठवडाभर मी सूर्यास्त, आयनांबर, काय काय ताडून पाहिलं. रविवारी पायरी आली नाही तेव्हा डोक्यात उजेड पडला. सूर्याला रविवारची सुट्टी नसते. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांनी नवी स्कूटर घेतली होती आणि ती कामावरून आली की आमच्या भिंतीला लागून उभी राहायची. मी बरणी चार मीटर अलीकडे आणली, पायरी गेली. चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाप्रमाणे घटतो, अंतर दुप्पट केलं की एक अष्टमांश उरतो. चारचाकी दहा मीटरवरूनही काही दहा नॅनोटेस्ला देऊ शकते.

काटकोनी पायरी, घड्याळाच्या ठोक्याला येणारा बदल, सुट्टीच्या दिवशी गायब होणारा बदल: हे सगळं माणसाचं. पण खात्रीचा उपाय एकच, दुसऱ्या ठिकाणचा आलेख शेजारी ठेवणं. अलिबाग आणि हैदराबाद दोन्हीकडे एकाच मिनिटाला जे दिसतं ते वरून आलेलं. फक्त तुमच्याकडे दिसतं ते तुमचंच. जवळ एकदिश प्रवाहावर चालणारी रेल्वे असेल तर हात टेका. मुंबईच्या लोकल आता प्रत्यावर्ती प्रवाहावर आल्या, पण बेंगळुरूची मेट्रो ७५० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावते. तिथल्या एका विद्यार्थ्याने पाठवलेल्या आलेखात मला मेट्रो बंद होण्याची आणि सुरू होण्याची वेळ सांगता आली, बाकी काही नाही.

केपी, डीएसटी हे आकडे काय आहेत? आपल्या आलेखाशी कसे जुळवायचे?

के हा एका वेधशाळेचा तीन तासांचा आकडा, शून्य ते नऊ. रोजचा नेहमीचा डोल वजा करून उरलेली गडबड किती, ते तो सांगतो. ही पद्धत युलियस बार्टेल्स यांची, १९३९ ची. तेरा वेधशाळांवरून काढलेला जागतिक आकडा म्हणजे केपी. त्या वेधशाळा बहुतेक मध्यम अक्षांशांवरच्या आहेत, त्यामुळे आपल्या आलेखाशी डीएसटी जास्त जुळतो. तो दर तासाला नॅनोटेस्लांत मिळतो आणि कमी अक्षांशांवरच्या चार वेधशाळांवरून निघतो: जपानची काकिओका, दक्षिण आफ्रिकेची हर्मानुस, होनोलुलू आणि सान हुआन. क्योटो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. अलिबागची मिनिटामिनिटाची माहिती इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यावर आहे.

वेळेचं भान ठेवा. हे सगळे आकडे जागतिक वेळेत असतात, म्हणजे त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. शिवाय अलिबागला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. मुलांच्या प्रकल्पांतल्या निम्म्या «शोधां»चा उगम या साडेपाच तासांत असतो.

रोजचा डोल वजा करायचा तर महिन्यातले सगळ्यात शांत दिवस घेऊन त्यांची सरासरी काढा. दर महिन्याचे पाच शांत आणि पाच अशांत दिवस आंतरराष्ट्रीय पातळीवर जाहीर होतात. स्वतःच्या मनाने शांत दिवस निवडू नका, हवं तेच दिसू लागतं.

याने भूकंप आधी कळतो का?

कोयनेच्या पट्ट्यातून हा प्रश्न हमखास येतो, आणि १९६७ आठवणारी माणसं विचारतात तेव्हा मी नुसतं «नाही» म्हणून सोडत नाही. १९८९ च्या कॅलिफोर्नियातल्या लोमा प्रिएटा भूकंपाआधी जवळच्या यंत्राने गडबड टिपल्याचा दावा झाला होता आणि तो वर्षानुवर्षं सांगितला गेला. पुढे इतरांनी त्याच नोंदी दूरच्या वेधशाळांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यातला बराच भाग जागतिक हालचालीचा आणि यंत्राच्या बिघाडाचा असावा असं दिसलं. म्हणजे पुन्हा स्कूटरचीच गोष्ट. आज चुंबकीय नोंदीवरून भूकंपाची तारीख सांगणारा कुणीही भेटला तर त्याला दुसऱ्या ठिकाणचा आलेख मागा.

उत्तरेला डोकं करून झोपलं तर त्रास होतो म्हणतात…

फ्रिजवरचं चुंबक स्वतःजवळ पृथ्वीच्या शंभरपट क्षेत्र तयार करतं. त्याला हात लावून तुम्ही रोज दूध काढता. झोपा कुठेही.

मग या मोजणीचा उपयोग काय?

१३ मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडात क्वेबेकची वीज सुमारे नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात. क्षेत्र भराभर बदललं की जमिनीत आणि लांब तारांत प्रवाह येतात, ते रोहित्रांत घुसतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर साध्या वादळाने वरची हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी जवळजवळ चाळीस स्टारलिंक उपग्रह खाली आले. खनिजांसाठी चुंबकीय सर्वेक्षण करणाऱ्यांना एक स्थिर यंत्र तळावर ठेवावंच लागतं, नाहीतर दुपारचा डोंगर खनिज म्हणून नकाशावर चढतो. आणि मोबाईलच्या नकाशातला बाण नीट वळावा म्हणून जे जागतिक प्रारूप दर पाच वर्षांनी काढतात, त्याला वेधशाळांच्याच नोंदी लागतात. चुंबकीय उत्तर ध्रुव सैबेरियाकडे इतका भरभर सरकला की २०१९ मध्ये ते मुदतीआधीच सुधारावं लागलं.

चुंबकीय ध्रुव उलटणार आहेत का?

कधीतरी. शेवटचे उलटले त्याला पावणेआठ लाख वर्षांच्या आसपास झाली. पुरावा हवा असेल तर घाट चढा. सह्याद्रीच्या खालच्या बऱ्याचशा थरांत गोठलेलं चुंबकत्व आजच्या उलट आहे आणि महाबळेश्वराकडच्या वरच्या थरांत सुलट. लाव्हा थंड होत असताना मधल्या काळात पृथ्वीने कूस बदलली होती.

वही कशी ठेवावी?

तारीख, जागतिक वेळ, ठिपक्याचा आकडा, पडवीतलं तापमान, आणि एक रिकामा रकाना. रिकाम्या रकान्यात «गॅसचा सिलिंडर आला», «पाण्याचा टँकर दहा मिनिटं», «पाहुण्यांची गाडी» असं जे घडेल ते. माझ्या वहीत सगळ्यात जास्त शाई त्याच रकान्यात गेली आहे.